गोदावरीच्या वाळूतलं लोखंड

घणाचा पहिला घाव बसला आणि आमच्या लोखंडाचे तुकडे तुकडे झाले. गफूरमामूंनी एक तुकडा उचलून पाहिला.

"म्याडम, हे बीड झालं. हे ओतायचं असतं, ठोकायचं नसतं."

मी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवते. जुन्या पद्धतीने लोखंड काढून दाखवायचं, हा माझ्या मुलांचा प्रोजेक्ट. मातीची उभी भट्टी, त्यात कोळसा आणि खनिज, खालून हवा. या भट्टीत लोखंड वितळू द्यायचं नसतं. ते स्पंजसारख्या गोळ्यात जमतं आणि घाण, म्हणजे स्लॅग, पातळ होऊन वाहून जाते. उष्णता जास्त झाली तर लोखंड कोळशातला कार्बन पिऊन वितळतं आणि ठिसूळ होतं. तेच बीड.

माहितीला तोटा नव्हता. परदेशी हौशी लोकांचे व्हिडिओ, पीडीएफ, नकाशे. माझी फाईल उशीएवढी झाली होती. पहिल्या वेळी काहीच निघालं नाही, दुसऱ्या वेळी हे.

प्रिन्सिपल सर आले. तुकडे पाहून म्हणाले, "मॅडम, एक शेवटचा ट्राय. नाही जमलं तर प्रोजेक्ट बंद. भट्टीची जागा पार्किंगला लागते."

गफूरमामू नायगावचे लोहार. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून विळे-कुऱ्हाडी करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. मी त्यांना फक्त ठोकायला बोलावलं होतं. मातीतून लोखंड त्यांनीही कधी काढलं नव्हतं. त्यांनी फाईल वाचून दाखवायला लावली. मी मराठीत सांगत गेले, ते विडी न पेटवता ऐकत राहिले.

"सगळं बरोबर लिहून हाय," ते म्हणाले. "पर तुमचा ब्लोअर एकाच दमात फुकून राहिला. आगीला कवा किती हवा पाहिजे, ते त्याला कसं कळंल?"

तिसऱ्या वेळी ते वडिलांचा चामड्याचा भाता घेऊन आले. मुलांनी पंधरा दिवस नदीकाठी चुंबक फिरवून काळी वाळू गोळा केली होती. खळीत मळून तिचे लाडू वळले. सकाळी भट्टी पेटली. मामू कान लावून बसले. आवाज जड झाला की भाता हळू, पडला की जोरात. फाईल मिटलेलीच राहिली.

दुपारी स्लॅग काकवीसारखी वाहिली. संध्याकाळी भिंत फोडली. आत नारळाएवढा लालबुंद गोळा. मामूंनी तो चिमट्याने ऐरणीवर ठेवला आणि सावकाश घण मारला. ठिणग्या उडाल्या. गोळा फुटला नाही, चपटा झाला. रोज ज्या नदीच्या पुलावरून मी कॉलेजला येते, तिच्यात हे होतं.

मामू घण टेकवून उभे राहिले. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"लोखंड पैदा होताना बघितलं, म्याडम," ते हळूच म्हणाले. "आब्बानं न्हाई बघितलं कधी."

सरांनी गार झालेला तुकडा बराच वेळ हातात धरला. पार्किंग आता जिमखान्याच्या मागे आहे.

फाईलला शेवटी मी हाताने एक पान जोडलं. त्यावर एकच ओळ आहे: हवा किती द्यायची, ते गफूरमामूंना विचारावे.