येरोणीच्या जाळीतली हाक

आषाढात मी गाव सोडलं तेव्हा माझी ट्रंक बाईच्या डोक्यावर होती. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. धानोऱ्याची एसटी फाट्यावर थांबायची, घरापासून अर्धा तास पायी. बाईच्या उजव्या डोळ्याची जागा शिवलेली होती, जबडा वाकडा जुळला होता, तरी ट्रंक तिनेच उचलली. मी मुद्दाम मागून चालले. तिचा चेहरा पाहावा लागू नये म्हणून. बस आली तेव्हा बाबा म्हणाले, "जाय आता. शिकून घे." बाईने ट्रंक आत सरकवली. मी नागपूरला नर्सिंगला गेले, तिथून नोकरीसाठी पुण्याला, आणि पुण्याचीच झाले.

त्या चेहऱ्याचं कारण सांगते. त्याआधीच्या पौषात आम्ही दोघी येरोणीला गेलो होतो. येरोणी म्हणजे झुडपी रानबोर. काटेरी जाळी आणि तिला बारकी, आंबटगोड बोरं. ती वेचायची, वाळवायची, कुटून बोरकूट करायचं. जाळीत शिरलं की एकमेकी दिसत नाहीत, म्हणून अधूनमधून हाका द्यायच्या. त्याचा एक नियम होता. आम्हाला चालता येऊ लागलं तेव्हापासून माय बजावायची, "एका हाकेले ओ देऊ नोको. मानूस असल तं दुसऱ्यांदा हाक मारल. जंगल एकच डाव मारते."

त्या सकाळी मला माझं नाव ऐकू आलं. "वंदे." एकदाच. मी हात थांबवला आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. माझी टोपली अर्धी होती, ती मी भरली. मग बाईला शोधायला गेले. अस्वल तोवर निघून गेलं होतं.

फाल्गुनात बाईचं लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. पुन्हा ठरलं नाही. ऐकलेल्या हाकेबद्दल मी कोणाला सांगितलं नाही. मायला तर नाहीच.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणाला शोभेचं झुडूप आहे. त्याला बारा महिने नारिंगी मण्यांसारखी फळं असतात आणि कोणी खात नाही. त्याच्याकडे बघून महिना कळत नाही. मला महिना बाईच्या फोनवरून कळतो. माय-बाबा गेल्यापासून ती घरात एकटी असते. फोन केला की तब्येत विचारत नाही, झाडंझुडपं सांगते. माघात धायटी फुलून लाल झाली. वैशाखात चारोळीची चारं काळी पडली, तेंदूची टेंभरं पिकली. जेठात करवंदं. कार्तिकात आवळे. मी ते वॉर्डच्या ड्यूटी चार्टमागे पेन्सिलीने लिहून ठेवते. पौषातही तिचा फोन येतो, थंडीचं बोलते, आणि येरोणीचं नाव घेत नाही. इतकी वर्षं एकदाही नाही. म्हणून मी धरून चालले होते की तिला सगळं ठाऊक आहे.

वॉर्डात मी पेशंटच्या पहिल्या शब्दाला उठते. हाताखालच्या मुली म्हणतात, मॅडमना बेल लागतच नाही. त्यांना तो माझा गुण वाटतो.

दोन वर्षांपूर्वी बाईच्या उरलेल्या डोळ्यात काचबिंदू निघाला. आहे ती नजर फार तर टिकवता येईल, गेलेली परत येत नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरी सोडून तिच्याजवळ राहायला जायचं मी ठरवलं. पण तिचं जेवण वाढायचं, तिला हाताला धरून अंगणात न्यायचं आणि ती गोष्ट पोटात ठेवायची, हे मला जमलं नसतं. आधी सांगायचं. ऐकून ती नको म्हणाली, तर नको.

एरवी मी मे महिन्यात नाहीतर दिवाळीत जायची. या वर्षी पौषात गेले. दारातच बाई म्हणाली, "पुन्याची मॅडम थंडीची कशी आली? शाल आनली का आमचीच गोधडी फाडतं?"

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर तीच मला येरोणीला घेऊन गेली. ती आता बोटांनी बोरं ओळखते. पिकलेलं, किडकं, कच्चं. काटा लागत नाही तिला, मला चार लागले. ड्यूटी बदलताना रिपोर्ट देतात तसं मी सांगून टाकलं. त्या दिवशी तुझी हाक आली होती, एकदाच आली, मी आले नाही.

तिचा हात थांबला नाही. "कोनची हाक?"

माझं नाव घेतलंस, मी म्हटलं.

"मी कुठी घेतलं? त्यानं आल्याबरोबर तोंडच धरलं माह्यं. मले तं आवाजच फुटला नाई." एक बोर तोंडात टाकून ती पुढे म्हणाली, "त्यालेई बोरं पाह्यजे होते, मलेई. तू काऊन इतके वर्सं ते घेऊन बसली?"

मग हाक कोणी मारली, मी विचारलं.

"मायनं सांगतलं नव्हतं का तुले?" ती म्हणाली, आणि चाचपडत पुढच्या जाळीकडे सरकली.

तुमच्यातले जे गावातच राहिले त्यांना हे नवीन वाटणार नाही. जे माझ्यासारखे निघून आले, ते हसतील. मीही हसले असते. मी जखमा पाहिल्या आहेत. जबडा मोडलेला माणूससुद्धा ओरडतो, आणि जबडा मोडण्याआधी एक नाव घेण्याइतका वेळ बहुतेक वेळा मिळतो. म्हणजे बाई माझ्यासाठी खोटं बोलली असेल. नसेल बोलली, तर त्या जाळीत माझं नाव माहीत असलेलं आणखी कोणीतरी होतं.

मी तिला पुन्हा विचारलं नाही.

ती नको म्हणाली नाही, म्हणून राजीनामा दिला आहे. फ्रिज आणि शिलाई मशीन नेते आहे, सोफा शेजारच्यांना दिला. ज्या घरी चालले आहे, तिथे बाईचं खोटं किंवा जंगलाची हाक, या दोनपैकी एकच गोष्ट खरी आहे, आणि ती कोणती हे ठाऊक असलेली बाई रोज माझ्यासमोर जेवायला बसणार आहे. घर म्हटलं की मला आता एवढंच समजतं.