दोन कॅमेरेवाली

लालबागला आमच्या चाळीखाली मी सकाळी बाकड्यावर बसतो. तिथं एक पोरगी फोटो काढायला यायची. नाव कधी विचारलं नाही. तिच्याकडे मित्रांचे दोन कॅमेरे, एक खिशात मावणारा, दुसरा विटेएवढा. विकत कुठला घ्यावा, ठरत नव्हतं. विचारात पडली की लेन्सचं झाकण दातांत धरायची.

"मोठाच घे. सगळं स्पष्ट येईल," मी म्हटलं.

तिनं माझेच दोन फोटो दाखवले. "काका, मोठा बघितला की तुम्ही मध्ये सरकून ताठ बसता. छोटा तुम्हाला कळतच नाही, तेव्हा बाकड्याच्या टोकाला असता. बाजूला कोण बसतं?"

बायको बसायची. ती गेल्यावरही मी टोकालाच बसतो, हे मलाच ठाऊक नव्हतं.

"छोटा घे," मी म्हटलं. "आणि तो टोकाचा फोटो मला दे. रिकाम्या जागेसकट."