पुऱ्या बाह्यांचा कपडा

धर्मपाल गेला तेव्हा त्याचे पाच शर्ट होते. त्यातला पांढरा, चौदा एप्रिलला घालायचा, तो त्याच्या अंगावरच गेला. उरले चार. नातेवाईक म्हणाले, देऊन टाक कोणाला तरी. नलूने दिले नाहीत. नवऱ्याची आठवण म्हणून ठेवले असं कोणाला वाटलं असेल तर वाटू द्या. तिने ठेवले ते कापूस वेचायला.

ज्यांनी कधी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, पाय ठेवला नाही त्यांना हे सांगून टाकलेलं बरं. वेचणीला जाणारी बाई साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवते. पुऱ्या बाह्यांचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. बोंड उकललं की त्याची टोकं वाळून सुईसारखी होतात, आणि दिवसभर त्यात हात घालायचा तर मनगटापासून कोपरापर्यंत नुसते ओरखडे. शिवाय साडी फाटते ती वेगळीच. नवरा बारीक असला की बायकोच्या गुंड्या लागत नाहीत, जाडा असला की शर्ट गुडघ्यापर्यंत लोंबतो, आणि यावरून वावरात दिवसभर थट्टा चालते. नलूला मात्र धर्मपालचा शर्ट बरोबर बसायचा. तो महागावच्या बाजारात हमाली करायचा, खांद्यात रुंद होता. साडीवरून घालायला तेवढं माप लागतंच.

चार हंगामांत चार शर्ट संपले. शेवटचा निळ्या चौकड्यांचा. तो संपला गुलाबी बोंडअळीच्या साली. त्या वर्षी बोंडं धड उकललीच नाहीत. वरून बरी दिसायची आणि आत अळीने खाल्लेला, चिकटून बसलेला पिवळट कापूस. त्याला कवडी म्हणतात. ती बोंडातून नखाने उकरून काढावी लागते. एरवी दोन दिवसांत होणारं काम चार दिवस पुरायचं आणि झोळी तरी अर्धीच. आधी कोपर फाटलं, मग बाही खांद्यापासून सुटली. नलूने दोनदा टाके घातले. तिसऱ्यांदा सुई लावली तर कापडच टाका धरेना. मग तिने त्याचं पोतेरं केलं आणि त्याने चूल सारवली. रडली वगैरे नाही. दमलेल्या माणसाला रडायलाही जरा बसावं लागतं.

आता घरात पुरुषाचा एकही कपडा नव्हता, कारण घरात पुरुषच नव्हता. होती ती एक मुलगी, दीपा, आणि ती पुसदला कॉलेजात, वसतिगृहात राहून शिकत होती. शिकत होती म्हणजे कबड्डी खेळत होती आणि उरलेल्या वेळात बी.ए. करत होती. नलूने तिला एकदाच खेळताना पाहिलं होतं. चढाईला जाताना दीपाचा चेहरा असा काही झाला होता की ही आपल्याच पोटची का, असं नलूला वाटून गेलं. तिने स्वतः सगळं आयुष्य खाली वाकून काढलं होतं. ही पोरगी ताठ मानेने समोरच्या सात जणींच्या अंगावर जात होती. त्या दिवसापासून नलूला एकच गोष्ट हवी होती: हिचा खेळ सुटू नये.

आणि नेमका तोच सुटायची पाळी आली होती, नलूमुळेच. आदल्या हिवाळ्यात शेतमालक भगवानरावांच्या वावरात ती चक्कर येऊन पडली. बैलगाडीत घालून आणली. डॉक्टर म्हणाले अंगात रक्त नाही, उन्हात वाकायचं काम बंद. दीपा पुसदहून धावत आली, दोन दिवस राहिली, आणि तिसऱ्या दिवशी निघताना म्हणाली, "आई, तू वावरात गेलीस तं मी खेळ सोडीन. पुसदले साडीच्या दुकानात लागीन. मंग तू घरी बस."

दीपा उगाच बोलणाऱ्यांतली नव्हती. नलूने शपथ घेतली. शेजारच्या वच्छलाबाईबरोबर पापड लाटायला जाऊ लागली, सावलीत, बसून. दोन महिने गेले आणि पापड बंद पडले; गावात कोणाच्या हातात पैसाच उरला नाही तिथे पापड कोण घेणार. नलू गुपचूप पुन्हा वावरात गेली. फोनवर मात्र पापड चालूच राहिले. उडदाचे, मुगाचे, नाचणीचेसुद्धा. नलू खोटं बोलायला शिकली ती बेचाळिसाव्या वर्षी, त्यामुळे तिचं खोटं गरजेपेक्षा लांब व्हायचं. वच्छलाबाई शेजारी बसून ऐकायची आणि कपाळाला हात लावायची.

जानेवारीत एका संध्याकाळी दीपाचा फोन आला. तिच्या संघाला पाठीराखे मिळाले होते. पुसदमधल्या हौशी लोकांनी मंडळ काढलं होतं, आणि अब्रार नावाच्या एकाच्या छपाईच्या दुकानातून पिवळे कपडे छापून घेतले होते, पाठीवर प्रत्येकीचं नाव आणि नंबर. लोक विकत घेत होते. खेळाडूच्या घरच्यांना एक कपडा फुकट.

"कबड्डीचे सर पुसून राह्यले," दीपा म्हणाली. "तुले टी-शर्ट सांगू का हुडी?"

"हुडी म्हणजे काय व?"

"जाड असते. टोपी जोडलेली, पुऱ्या बाह्यांची."

नलू थांबली. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. निळा शर्ट जाऊन आठ दिवस झाले होते आणि दोन्ही हात मांजराने ओरबाडल्यासारखे झाले होते.

"पुऱ्या म्हणजे मनगटापर्यंत?"

"हो. पण टी-शर्टच घे, आई. मॅच फेब्रुवारीत हाय, तवा ऊन तापते. सगळ्यायच्या घरचे टी-शर्टच घेऊन राह्यले."

वच्छलाबाई शेजारून दोन्ही हात हलवून सांगत होती, टी-शर्ट म्हण, टी-शर्ट.

"हुडीच सांग," नलू म्हणाली. "मोठ्यातली मोठी."

"काहून?"

"पापड लाटाले पहाटी बसा लागते. थंडी वाजते."

 "बरं," दीपा पलीकडून म्हणाली.

फोन ठेवल्यावर वच्छलाबाई म्हणाली, "तुले अक्कल हाय काय? पोट्टी काय येडी हाय?"

"मंग वावरात काय घालू? तुह्या बुढ्याचा शर्ट देतेस?"

वच्छलाबाईचा नवरा काडीसारखा होता. 

हुडी आली. पिवळी धमक, आतून मऊ लव असलेली, आणि पाठीवर निळ्या अक्षरांत दीपाचं नाव, खाली सात नंबर. नलूने ती अंगात घातली तेव्हा बाह्या बोटांपर्यंत आल्या. चार वर्षांनंतर पहिल्यांदा तिच्या अंगावर नवा कपडा होता आणि त्यावर तिच्या मुलीचं नाव होतं. तिला इतका आनंद झाला की ती तशीच दारात जाऊन उभी राहिली. मग आत आली, हुडी काढली आणि विचारात पडली. हे नाव वावरात न्यायचं? उन्हाने उडेल, टोकांनी फाटेल. तिने तोड काढली. वावरात जाताना हुडी उलटी घालायची. नाव आत, पाठीला चिकटून, लव बाहेर. मॅचच्या दिवशी सुलटी घातली की कोरीच्या कोरी.

शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईने ही चूक केली नसती. पण नलूला शर्ट ठाऊक होते, लव ठाऊक नव्हती. महिनाभर ती हुडी उलटी घालून वेचत राहिली, टोपी डोक्यावर ओढून. बाकीच्या बाया तिला अस्वल म्हणू लागल्या. हातांना जरा आराम पडला, पण जाड बाही कामात आड येते म्हणून ती मागे सारावी लागायची, आणि मग नवे ओरखडे जुन्यांवर. कापसाचे तंतू, वाळल्या पानांचा चुरा, कवडीचे तुकडे, सगळं त्या लवेत जाऊन बसलं. तिने दोनदा धुतली. चुरा जास्तच घट्ट बसला. शेवटी तिने मनाशी म्हटलं, आतलं कोण पाहतं.

मॅच फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी होती, दुपारी. नलू सकाळच्या बसने पुसदला गेली. हुडी सुलटी, कोरी, पिवळी. मैदानावर मांडव होता आणि मांडवाखाली सगळे पिवळ्या टी-शर्टात. एकटी नलूच टोपीवाल्या जाड कपड्यात, बाह्या बोटांपर्यंत. कोणीतरी विचारलंही, "काकू, काश्मीरहून आल्या काय?" ती हसली. दीपा लांबूनच हात हलवून गेली, आणि जाताजाता तिने एकदा आईच्या बाह्यांकडे पाहिलं.

शेजारी खैरुनबी बसली होती, दीपाच्या संघातल्या गझालाची आई. तिने कुर्त्यावरून टी-शर्ट घातला होता आणि ती ओढणीने वारा घेत होती. "आपा, उतार दो ना ये," ती म्हणाली. "देखके मेरेकू पसीना आ रहा."

"राहू द्या," नलू म्हणाली. काढायची कशी? खाली अर्ध्या बाह्यांचं पोलकं होतं, आणि त्याखाली ते हात.

पहिला डाव सुरू झाला. दीपा चढाईला गेली, दोघींना बाद करून परत आली, आणि सगळा मांडव तिच्या नावाने ओरडला. नलूही उठून उभी राहिली. मैदान पांढरं झालं, मग काळं. तिला एवढंच कळलं की आपण खुर्चीवर नाही.

शुद्ध आली तेव्हा मध्यंतर झालं होतं. खैरुनबी तोंडावर पाणी मारत होती आणि दीपा तिच्या अंगातली हुडी वर ओढत होती. "हात वर कर, आई. वर कर हात." नलू नको नको म्हणेपर्यंत हुडी डोक्यावरून निघाली, आणि निघताना पूर्ण उलटी झाली.

दीपाच्या हातात महिनाभराचं वावर होतं. लवेत अडकलेला कापूस, पानांचा काळा चुरा, पिवळी कवडी. तिने ते पाहिलं. मग आईचे हात पाहिले. खैरुनबीनेही पाहिलं आणि पाणी आणायला म्हणून उठून गेली.

नलूला वाटलं, संपलं. आता ही इथेच, सगळ्यांसमोर, सांगेल की मी खेळत नाही.  पापडाचं तिच्या तोंडातसुद्धा येईना.

दीपा बराच वेळ लवेतला चुरा बोटांनी काढत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबाचा निळा शर्ट फाटला काय?"

नलूने मान हलवली.

"कवा?"

"संक्रांतीच्या आधी."

तिकडून सरांनी शिट्टी वाजवली. दीपाने हुडी आईच्या मांडीवर ठेवली आणि गेली. कुठे गेली ते नलूला लगेच पाहवलं नाही. पाहिलं तेव्हा ती मैदानात उभी होती, सात नंबर, रेषेच्या आत. पण नलूला धीर आला नाही. सुरू केलेला डाव दीपा अर्ध्यावर टाकणारी नव्हतीच. प्रश्न उद्याचा होता. त्यांचा संघ तीन गुणांनी हरला.

संध्याकाळी दीपा तिला बसवर सोडायला आली. दोघी स्टँडच्या बाकावर बसल्या.  दीपाने पिशवीतून सरावाचा जुना शर्ट काढून दिला, तोही पुऱ्या बाह्यांचा, मैदानात पडून पडून मातीचा झालेला. "हा वावरात घाल," ती म्हणाली. "ती पिवळी ठेव मॅचले."

"आठ दिवसच राह्यले आता," नलू म्हणाली. "मंग हंगामच संपते."

"अन् पुढच्या साली?"

 बस लागली. नलू खिडकीशी बसली, हुडी मांडीवर घेऊन. दीपा खाली उभी राहून वर पाहत होती.

"पुढच्या साली सर पुन्हा पुसतीन," ती म्हणाली. "तवा काय सांगू? टी-शर्ट का हुडी?"

नलूला टी-शर्ट म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर पोरीला बरं वाटलं असतं. पण वर्षभर खोटं बोलून ती फार थकली होती.

"हुडी," ती म्हणाली.

दीपाने खिडकीतून आत आलेल्या आईच्या हातावरून एकदा बोट फिरवलं. "बरं," ती म्हणाली आणि मागे सरली.

बस महागावच्या रस्त्याला लागली तेव्हा कुठे नलूच्या ध्यानात आलं की पोरगी 'पुढच्या साली' म्हणाली, म्हणजे खेळणार होती. तिने हुडी तोंडावर धरली, आणि कापसाच्या वासाच्या त्या लवेत, बसल्या जागी, धर्मपाल गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडली.