पिल्लासाठी ठेवलेला शर्ट

बाबांच्या अंगाला एक कडू वास यायचा. तोफगोळ्यांत दारू भरायच्या विभागात ते काम करायचे. कारखान्याचे कपडे कारखान्यातच उतरवायचे, आंघोळ करायची, मग घरचे कपडे घालून बाहेर पडायचं, असा तिथला सक्त नियम. तरी तो वास कातडीतून घरी यायचाच, आणि तळहात बारा महिने हळद लागल्यासारखे पिवळे. आता तो वास मला कुठेच मिळत नाही. रंगाच्या दुकानात, औषधांच्या दुकानात मी उगाच खोल श्वास घेऊन पाहिला आहे. दुकानदार विचित्र नजरेनं बघतात. बघू देत.

त्या वासावर माझ्याइतकाच जीव आणखी एकाचा होता. तो आंधळा होता.

त्याची आई कारखान्याच्या कुंपणाच्या काटेरी तारेत अडकलेली बाबांना सापडली. त्यांनी तिला सोडवलं, सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात गुंडाळून बांधलं आणि खमरियात, कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरवर आणलं. कुत्री गाभण होती. माझी आई दारातच आडवी उभी.

"काहून आणली हिला? दुष्काळात तेरावा महिना!"

"व्याली की जाईल," बाबा म्हणाले.

एकाहत्तर साल होतं. लढाई होणार अशी हवा होती आणि क्वार्टरांच्या प्रत्येक रांगेसमोर खंदक खणून झाले होते. सरकारनं माणसांसाठी खणलेल्या त्या गार, आडोशाच्या जागेत ही बाई खुशाल व्याली. आम्हाला कळलं ते हवाई हल्ल्याच्या पहिल्या सरावाच्या दिवशी. भोंगा वाजला, सगळी रांग पोराबाळांसकट धावली आणि खंदकाच्या काठावर येऊन थांबली. आतून गुरगुर येत होती. दंडाला पट्टा लावलेला स्वयंसेवक ओरडला, "अरे नीचे उतरो! बम ऊपर से आएगा!"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "भैया, बम का पता नहीं, ये तो अभी काटेगी."

सराव संपेपर्यंत अख्खी रांग उघड्यावर उभी होती. खऱ्या विमानानं आमचं काय केलं असतं ते देवच जाणे.

कुत्री खरंच निघून गेली. धडधाकट पिल्लं लोकांनी नेली. एक उरलं, त्याच्या डोळ्यांवर दुधाची साय आल्यासारखं पांढरं होतं. लोक म्हणाले, घमापूरच्या बाजारात सोडून द्या, तिथं खायला मिळेल. आईनं वाटीत दूध ओतलं आणि म्हणाली, "आजचा दिवस राहू द्या." तो आजचा दिवस काही संपला नाही. नाव ठेवायचं राहूनच गेलं, ते वाढलं तरी पिल्लूच राहिलं.

लढाई लागली. खिडक्यांना काळा कागद चिकटवून, दिवे मालवून संध्याकाळपासून घर आंधळं व्हायचं. आम्ही पाटावर, बादलीवर, एकमेकांवर आदळायचो, आणि पिल्लू मात्र सगळ्यांच्या मधून सरळ चालत जायचं. "या घरात डोळस एकटा हाच," आई म्हणायची.

कारखान्याचा सुटीचा भोंगा झाला की पिल्लू आमच्या फाटकाशी जाऊन बसायचं. शेकडो सायकली रस्त्यानं जायच्या. बाबांची आली की त्याचं नाक वर व्हायचं आणि शेपटीच नाही, अख्खं पिल्लू हलायचं.

मग बाबांना दुसऱ्या कारखान्यात पाठवण्याचा हुकूम आला. कुठे, ते सांगायचं नाही. पत्रं यायची, त्यात मी बरा आहे, काळजी नसावी, एवढंच. दारूच्या कामात सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी येईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत नसतं. हे आम्हा मुलांनाही ठाऊक होतं, म्हणून आम्ही आईला काही विचारत नव्हतो आणि आई काही बोलत नव्हती. आमच्या घरात नवऱ्याची आठवण येते असं म्हणायची पद्धतच नव्हती.

पिल्लू मात्र रोज भोंग्याला फाटकाशी जायचं. शेवटची सायकल गेली तरी उठायचं नाही. जेवण सुटलं. तेव्हा आईनं बाबांचा जायच्या आदल्या दिवशीचा शर्ट खुंटीवरून काढून त्याच्या पोत्यावर घातला. त्यात तोंड खुपसून ते झोपलं आणि सकाळी वाटी चाटूनपुसून साफ केली.

शर्ट धुवायला घेतला तर आई माझ्यावर खेकसली. "राहू दे तो. पिल्लासाठी ठेवलाय."

लढाई संपली, बाबा आले नाहीत. थंडी गेली. नुसती वाट पाहून माणूस एवढा थकतो हे मला त्या वर्षी कळलं. मला ते इतके हवे होते की कोणाचीही सायकल खडखडली तरी माझे पाय फाटकाकडे वळायचे.

होळीच्या आधी, दुपारी, दारात रिक्षा थांबली. बाबा वाळले होते. अंगात नवा शर्ट, तळहात तुमच्याआमच्यासारखे. तिथं त्यांना दुसरंच काम दिलं होतं. आम्ही धावलो, पण पिल्लू आमच्याआधी उंबऱ्यात होतं, दात विचकून गुरगुरत.

"पिल्लू, मी आहे रे," बाबा म्हणाले. आवाजानं त्याचे कान हलले. मग त्यानं हवा हुंगली आणि पुन्हा गुरगुरलं. आवाज ओळखीचा, वास परका. ते पुढेही येईना, मागेही सरेना. स्वतःच्या दारात बाबा परक्यासारखे उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. बाबांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

आई आत गेली. मला वाटलं, पोत्यावरून शर्ट उचलेल. पण पोतं रिकामं होतं. ती आतल्या खोलीत गेली, आणि तिच्या वळकटीतून तो बाहेर आला.

"हा घाला आधी," ती म्हणाली.

बाबांनी तो मळका शर्ट नव्यावर चढवला. पिल्लू जवळ आलं, बाही हुंगली, मग हात, मग पुन्हा बाही. कण्हल्यासारखं काहीतरी करून ते त्यांच्या पायांवर आडवं पडलं. त्याच्या मानेवर हात फिरवता फिरवता बाबांनी कॉलर नाकाशी नेली.

"अगं, याला तर तुझ्या डोक्याच्या तेलाचा वास येऊन राहिला."

"कुत्र्याचा असेल," म्हणून आई चहा टाकायला आत वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो शर्ट साबण लावून खसाखसा धुतला. पिल्लाला कोणी विचारलंही नाही.