डबल चासी

आमच्या भागातल्या जुन्या जीपवाल्यांच्या तोंडी एक शब्द हमखास असायचा: डबल चासी. चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि त्यावर इंजिनापासून माणसांपर्यंत सगळा भार. कंपनीतून आलेल्या चासीवर बाहेरून आणखी एक जाड पट्टी वेल्डिंगने चढवून घेतली की चासी डबल झाली. मग आत कोंबतील तेवढी, मागे लटकतील तेवढी आणि टपावर चढतील तेवढी माणसं न्यायला ड्रायव्हर मोकळा. लग्नाच्या स्थळाची चौकशी करावी तसं लोक विचारायचे, ‘‘डबल हाय का?’’ आणि ड्रायव्हर छाती काढून सांगायचा, ‘‘डबल हाय.’’

माझे वडील, आमचे आबा, अशीच एक जीप आमच्या गावापासून तालुक्यापर्यंत चालवायचे. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या वर्षी त्यांनी चासी डबल करून घेतली. आमच्या बौद्धवाड्यातून इंजिनिअरिंगला जाणारा मी पहिलाच. फी, खोलीचं भाडं, मेस, सगळं त्या गाडीवर बसून यायचं होतं, म्हणून गाडीत जास्त माणसं बसायला हवी होती. आबा प्रवाशांना सांगायचे, ‘‘गाडीची केली, आता पोराची बी डबल करायलोय.’’ लोक हसायचे. मी सुट्टीत घरी आलो की टपावरून कोणीतरी ओरडायचं, ‘‘ओ डबल चासी, आले का?’’ तेव्हा लाज वाटायची. आज मी वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे, हर्सूलकडे माझं स्वतःचं घर आहे, आणि यातलं जे काही आहे ते त्या गाडीने ओढून आणलेलं आहे, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

गेल्या थंडीत आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून मी त्यांना गावी न पाठवता माझ्या घरी आणलं; मायही सोबत आली. डॉक्टर म्हणाले होते, थोडीफार ताकद परत येईल, पण हलवत राहिलं तर. पडून राहिले तर हातपाय आखडतील आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. तिने हातात रबरी चेंडू दिला. आबांनी तो डाव्या हाताने उचलून पलंगाखाली टाकला.

‘‘उद्या बघू,’’ रोज म्हणायचे.

‘‘उद्या उद्या करत भिंतीकडं तोंड करून पडलंय माणूस,’’ माय म्हणायची. ‘‘आयुष्यभर एका जागी बसलं नाय अन् आता बघा.’’

एके दिवशी मी त्यांच्या पायाला तेल लावत होतो. तेव्हा जीभ अजून जड होती, पण ते नीट ऐकू येईल असं म्हणाले, ‘‘गाडी इथं आण.’’

‘‘कोणती गाडी?’’

‘‘किती गाड्या हायत तुझ्या बापाच्या?’’

जीप कित्येक वर्षांपासून गावच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. घरोघरी मोटारसायकली आल्या, प्रवासी संपले, तरी आबांनी ती विकली नाही. पूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे हीच जीप असायची. बॉनेटवर निळा झेंडा, वर फुलांच्या माळा आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या कपड्यातले आबा.

‘‘दुरुस्त कर,’’ ते म्हणाले. ‘‘जयंतीला गावात न्यायची. गाडी उभी राहिली की मी बी उभा राहतो. चालत जाऊन बसतो बघ.’’

तो करार होता. मी तो लगेच मान्य केला, कारण दुसरं काहीच त्यांना उठवत नव्हतं.

जीप ट्रकवर टाकून आणली. आबांना खुर्चीसकट फाटकापर्यंत नेलं. त्यांनी डाव्या हाताने बॉनेटवरची धूळ पुसली आणि मला म्हणाले, ‘‘आंघोळ घाल हिला. पाहुणी म्हणून आली का?’’ नळाला पाणी येऊन दोनच दिवस झाले होते आणि पुढचं कधी येईल याचा भरवसा नव्हता. तरी मायने एक ड्रम मोकळा केला.

दुसऱ्या दिवसापासून आबा उठायला लागले. आधी पलंगाच्या कडेपर्यंत, मग भिंत धरून दारापर्यंत, मग ओट्यावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीपर्यंत. चेंडूऐवजी त्यांनी माझ्या अवजारांतला एक पाना मागून घेतला आणि तो उजव्या हातात धरून बसायचे. बोटं धरायची नाहीत. पाना सारखा फरशीवर पडायचा, ठण् करून. आत भाकरी थापता थापता माय तो आवाज ऐकायची. एकदा मला म्हणाली, ‘‘पडू दे. पडतोय म्हणजे उचलायलाय.’’

एका रविवारी शेजारच्यांना बोलावून आम्ही जीपचा वरचा भाग उतरवला, इंजिन काढलं, चाकं काढली. उघडी चासी विटांच्या ढिगांवर आडवी ठेवली. अंगणात दुसरं काही मावेना. लोखंडाचा चुरा पाण्याच्या ड्रममध्ये जातो म्हणून मायने ड्रमवर जुनं लुगडं बांधलं, आणि त्यावरून रोज मला चार शब्द ऐकवायची. पण ते बरे शब्द होते. घरात आवाज होता.

वेल्डिंगला मी शहरातल्या त्याच मिस्त्रीला बोलावलं ज्याने पूर्वी चासी डबल केली होती. आबा त्याला मियाँ म्हणतात, तो त्यांना मामू म्हणतो. आल्याआल्या त्याने आबांच्या हातातला पाना बघितला.

‘‘क्या मामू, मुझे मारने कू लेके बैठे क्या?’’

‘‘तुला मारायला पाना कशाला, तुझं बिल बघूनच तू मरशील.’’

‘‘बिल मेरा, मैं कायकू मरूँ? तुम मरो.’’

दोघेही हसले. आबांचं अर्धंच तोंड हसलं, पण हसलं.

मियाँने चासीवर हात फिरवला, हातोड्याने दोनचार ठिकाणी ठोकलं आणि म्हणाला, ‘‘ऊपर से अच्छी दिखती. जहाँ जहाँ खराब है, वहाँ और एक पट्टी मार देता. हो गया.’’

मी नाही म्हणालो. जुनी पट्टी काढून आतलं मूळ लोखंड बघू, ते साफ करू, मग नवीन चढवू. असंच करायचं असतं. आत काय आहे हे न बघता वरून पट्टी मारत जाणं म्हणजे जखम न धुता चिकटपट्टी लावणं. मी आयुष्यभर जे शिकलो ते हेच.

‘‘इंजिनेर सायेब सांगतात तसं कर,’’ आबा मियाँला म्हणाले. त्या आवाजात चेष्टा होती आणि अभिमानही होता, आणि तो अभिमान मला आजही सहन होत नाही.

ग्राइंडर लावून मियाँने जुनं वेल्डिंग कापलं. छिन्नी घालून पट्टी उचकटली. पट्टी सुटली तशी तिच्यामागून लाल-तपकिरी पापुद्रे भसाभस खाली पडले. आधी मला वाटलं माती आहे. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षं पावसाचं पाणी शिरत राहिलं होतं. तिथे ना वारा पोचत होता ना ऊन. बाहेरची पट्टी धडधाकट होती. आतली, कंपनीची मूळ चासी, कुजून गेली होती. मियाँने पेचकस टेकवला, जोर न लावता. तो आरपार गेला.

‘‘मामू,’’ तो म्हणाला, ‘‘ये चासी नई, ये तो बेकरी की खारी है.’’

कोणी हसलं नाही. त्यालाही कळलं. त्याने पेचकस काढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘उस टाइम सब ऐसाच करते थे. मजबूती के वास्ते.’’

आबा खुर्चीतून बघत होते. मी पापुद्र्यांचा ढीग पायाने चासीखाली सरकवला, जणू आबांना ते दिसलेच नव्हते. ते म्हणाले, ‘‘झाक ते.’’

‘‘आबा, करू आपण काहीतरी. नवीन लोखंडी चॅनेल टाकू.’’

‘‘मी म्हणलो झाक.’’

मी त्यावर ताडपत्री टाकली. भिंत धरून ते आत गेले, आणि त्यांचा पाना खुर्चीखालीच राहिला.

मी थांबलो नाही. नवीन लोखंड आणलं, मापं घेतली. मियाँ माझ्या शिफ्टच्या सुट्टीला येत राहिला, हाक मारली की येत राहिला. आम्ही कुजका भाग कापून नवा तुकडा बसवायचो. पण वेल्डिंगला धरायला चांगलं लोखंड लागतं, आणि कापत कापत मागे गेलो तरी ते सापडत नव्हतं. ठिणगी टेकली की कडा वितळून तिथे भोक पडायचं. भोक भरलं की शेजारी चीर जायची. एक बाजू कशीबशी पूर्ण केली, तर उष्णतेने ती ओढली गेली. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी दोरी ताणून बघितलं तर दोन मापं जुळेनात. पुन्हा तापवून सरळ करायला गेलो तर दुसऱ्या टोकाला वाकली. एका दुपारी मियाँने तोंडावरची काच बाजूला केली आणि वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला. मला ते समजलं.

दुसऱ्या जीपची चासी मिळत होती. भंगारवाल्याकडे बऱ्या अवस्थेतली होती. मी आबांना सांगितलं.

‘‘हिचा नंबर हिच्याच चासीवर ठोकलेला हाय,’’ ते भिंतीकडे बघत म्हणाले. ‘‘दुसरी आणलीस तर ती दुसऱ्याची गाडी. दुसऱ्याच्या गाडीत बसायला मी कशाला उठू?’’

ते खरंच उठले नाहीत. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, हात वर-खाली करून जायची. ते तिला करू द्यायचे, पण स्वतः काही करायचे नाहीत. नंतर तिनेच मला बाजूला घेऊन सांगितलं की कोपर आखडायला लागलंय.

त्या दिवशी मायने मला स्वयंपाकघरात गाठलं.

‘‘काढायची काय गरज होती ती पट्टी? वरून दिसत होती ना चांगली?’’

‘‘माय, रस्त्यात मोडली असती गाडी.’’

‘‘मोडली असती तर मोडली असती.’’ तिने पदर डोळ्यांना नाही, तोंडाला लावला. ‘‘जयंतीला तर गेला असता.’’

माझ्याकडे याचं उत्तर आहे. चालत्या गाडीची चासी मधून तुटली तर काय होतं हे मला माहीत आहे, आणि वडिलांना मी तशा गाडीत बसवू शकलो नसतो. हे उत्तर बरोबर आहे. मी ते मायला दिलं नाही. रोज कामावर जाताना, कंपनीच्या बसमध्ये, मी ते स्वतःला देतो, आणि दरवेळी त्याच्यानंतर मायचं वाक्य येतं. ज्या पट्टीवर बसून माझं शिक्षण आलं त्याच पट्टीने गाडी आतून खाल्ली, आणि ज्या शिक्षणाने मला ती पट्टी काढायला लावली त्यानेच आबांना परत भिंतीकडे वळवलं. यातली कुठली गोष्ट वेगळी करायला हवी होती? मी खूप शोधलं. मला एकही सापडत नाही.

जयंती आली. सकाळी मायने आबांचे पांढरे कपडे इस्त्री करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवले. गावाहून फोन आले. सगळ्यांनी एकच विचारलं, गाडी निघाली का? संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून मिरवणूक गेली. ढोल इतके जवळ होते की खिडकीची तावदानं थरथरत होती. आबा म्हणाले, ‘‘खिडकी लाव.’’ मी लावली. रात्री मायने ते कपडे घडी न मोडता तसेच उचलून कपाटात ठेवले.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली. कामावरून आलो की ग्राइंडर लावून चासी घासायचो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण आवाज झाला की आबा मान वळवतात, असं माय म्हणाली होती. पहिल्या दिवशी खरंच वळवली. दुसऱ्याही दिवशी. एकदा तर त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून पोटावर घेतला, असं तिने सांगितलं, आणि मी अंधार पडेपर्यंत घासत राहिलो. पण कुजलेलं लोखंड किती घासणार? चकती लागली की ते ढासळायचं. मग मी नवीन आणलेल्या चॅनेलचा उरलेला तुकडा विटांवर ठेवला आणि तोच घासायला लागलो. ठिणग्या चांगल्या उडायच्या. आवाजही मोठा यायचा.

एका संध्याकाळी आतून हाक आली. किती तरी दिवसांनी त्यांनी मला हाक मारली होती. मी ग्राइंडर तसाच टाकून आत पळालो.

‘‘काय घासायलास?’’

‘‘चासी,’’ मी म्हणालो. ‘‘थोडी साफ करतोय.’’

‘‘नाय.’’ त्यांनी डोळे उघडले नव्हते. ‘‘चासी नाय ती. कोरं लोखंड हाय.’’

माय दारात येऊन उभी राहिली होती.

‘‘उगं लाईट जाळू नको,’’ आबा म्हणाले, आणि भिंतीकडे वळायला लागले. उजवा हात मागे अडकला. मी तो उचलून त्यांच्या अंगावर ठेवला. कोपर सरळ होत नव्हतं.

बाहेर येऊन मी ग्राइंडरची वायर गुंडाळली.