तिच्या गाण्यातला छंद

जयगडच्या फेरीबोटीत ती गिटार मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली होती. वय एकोणीसच्या आसपास. बोलतानाही तिची बोटं गिटारच्या पिशवीवर ताल धरत होती. तिच्या बँडचा पहिला अल्बम त्याच आठवड्यात आला होता. मी काही विचारायच्या आत तिने एक इअरफोन माझ्या हातात ठेवला. "ऐका काका. कानठळ्या बसतील, पण ऐका."

गाणं अकरावीतल्या प्रेमाचं होतं. तो तिला गावाबाहेरच्या उघड्या सड्यावर भेटायला बोलावतो आणि स्वतःच येत नाही. ती भर उन्हात कातळावर बसून त्याला शिव्या घालते. ड्रम पत्र्यावर नारळ पडावेत तसे वाजत होते. मी हसायच्या तयारीत होतो, पण त्या शिव्या ऐकून दुसरा इअरफोनही मागून घेतला. माझ्या दोन कवितासंग्रहांतली प्रेयसी कायम चांदण्यात उभी असते आणि तिच्यासाठी कोणी रडल्याचं ऐकिवात नाही.

मत्सराने माणूस लगेच समीक्षक होतो. मी विचारलं, "बरं आहे. पण यात छंद कुठला?"

"छंद नाय हो काका," ती दुखावून म्हणाली. "आम्ही सीरियसली करतो."

मी वृत्ताबद्दल विचारत होतो, हे सांगण्याऐवजी मी तिला गाणं पुन्हा लावायला सांगितलं. तीस वर्षं मात्रा मोजत मी जे करत आलो, त्याला तिच्याच अर्थाने छंद म्हणतात.