छातीवरच्या कॅमेऱ्यापुढे आलेली घेरी

मी एकदा भर चौकात खोटीच घेरी येऊन पडले, आणि वर ज्या पोरीनं मला सावरलं तिच्याविरुद्धच पोलिसांत तक्रार केली. नातवंडं म्हणतात, आजी, तू तेव्हा म्हातारी झाली होतीस. कुठली म्हातारी. नुकतीच साठी ओलांडली होती. गुडघे शाबूत होते, अक्कल तेवढी यायची राहिली होती.

रायपुरातच, तेलीबांध्याला एक साखरपुडा होता. स्कूटी मी चालवत होते, मागे नणंद. हेल्मेट कसं घालणार, अंबाड्यात गजरा होता. बुढापारा ओलांडतो न ओलांडतो तोच चौकात एका कोवळ्या महिला शिपायानं हात केला.

पूर्वी त्या चौकात एक जुना हवालदार असायचा. त्याला "काय भैया, घरी सब ठीक?" एवढं विचारलं की शिट्टी तोंडातच राहायची. ही पोरगी ओरडली नाही, पण विरघळलीही नाही. "आंटीजी, नमस्ते. गाड़ी साइड में लगाइए." नव्या प्रशिक्षणात त्यांना आधी नमस्कार करायला शिकवतात, हे मला मागून कळलं. तेव्हा मला वाटलं, नमस्कार करते म्हणजे भिते.

इथं आम्हा रायपूरच्या मराठी बायकांची एक खोड सांगायला हवी. मराठी ही आमची खासगी खोली आहे. साडीच्या दुकानात "रंग जातो म्हण अन् उठ, तो बोलावतेच" हे आम्ही दुकानदाराच्या तोंडावर ठरवतो आणि तो बिचारा गादीवर बसून हसत असतो. त्याच भरवशावर मी त्या पोरीसमोर उभी राहून सगळा बेत मराठीत रचला. तिच्या छातीवर एक काळी डबी होती, ती मला वायरलेस वाटली. मग ठरल्याप्रमाणे मी पडले.

पोरगी हबकली. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, ऑटो बोलावला आणि पावतीचं यंत्र बाजूला ठेवून दिलं. साखरपुड्यात मी ही हकिगत पुन्हा पडून दाखवत सांगितली.

काही दिवसांनी मुलाच्या फोनवर दंडाचं चालान आलं, फोटोसकट. खांबावरच्या कॅमेऱ्यानं काढलेला. गजरा छान आला होता. पण मला वाटलं, पोरीनं तोंडावर सोडलं आणि मागून दगा दिला. माझ्या अंगाची आग आग झाली. मी तक्रार ठोकली : शिपायानं दरडावलं, ढकललं, म्हणून मी पडले.

आधीच्या काळी असल्या तक्रारीनंतर चहा मिळायचा आणि विषय संपायचा. या वेळी खरोखरच चौकशी लागली. मला बोलावणं आलं. मोठ्या साहेबांच्या खोलीत ती पोरगी ताठ उभी होती. साहेब म्हणाले, ही नवीन आहे, अजून पक्की झालेली नाही. तुमची तक्रार खरी निघाली तर हिची नोकरी जाईल. मी मान डोलावली. मला काय त्याचं.

मग त्यांनी संगणकावर चित्र सुरू केलं. पडद्यावर मी. ती डबी वायरलेस नव्हती.

"वन्सं, पोट्टी नवीन दिसते. मी आता घेरी येऊन पडते, तुम्ही रडायले लागा."

साहेबांनी चित्र थांबवलं. "माताजी, ये क्या बोला आपने?"

"मैंने बोला, धूप बहुत है, जी घबरा रहा है."

पुढे नणंदेचा आवाज आला. "वहिनी, इथं नका पडू, शेण आहे. थोड्या सरकून पडा."

"और ये?"

"ये बोलीं कि छाँव में चलो."

पडद्यावरची मी दोन पावलं सरकले, निऱ्या सारख्या केल्या आणि पडले. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्या माझ्यासाठी नव्हत्या. ते पोरीकडे वळले. "माताजी पहले से बोल रही थीं कि तबीयत ठीक नहीं है. फिर भी तुम कागज़ माँगती रहीं?"

"सर..." एवढंच म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं.

चित्र अजून चालूच होतं. पोरगी वाकलेली, त्यामुळे सगळ्या पडद्यावर माझंच तोंड. त्यातला एक डोळा हळूच उघडला, इकडेतिकडे फिरला आणि मिटला. आणि वरून तिचा रडवेला आवाज, "आंटीजी, आँखें खोलिए ना, आंटीजी." आमच्या घरी मला ताप आला तर पहिला प्रश्न असतो, चहा कोण करणार. अशी हाक मला कधी कोणी मारली नव्हती.

"साहब," मी म्हटलं, "वो धूप-वूप कुछ नहीं था." आणि एकेक वाक्य खरं सांगून टाकलं, शेणासकट.

साहेबांनी बराच वेळ रुमालानं तोंड पुसलं. तक्रार मागे घेतल्याची सही घेतली. मग म्हणाले, हे चित्र नव्या पोरांच्या प्रशिक्षणात दाखवू का, तुमचा चेहरा पुसट करून. मी म्हटलं, दाखवा, पण तो डोळा तेवढा नीट पुसा.

जिन्याशी पोरीनं मला गाठलं. मी हात जोडून हिंदीत माफी मागायला लागले, तर ती म्हणाली :

"काकू, हिंदीत काहून बोलून राहिल्या? माझी आई वर्ध्याची आहे, मले त्या दिवशीच सारं समजत होतं. भेव इतकंच वाटलं, का नाटक करता करता बाई खरंच गेली तर? आज साहेबांले मी सांगणारच होती, पण तुम्ही आधी बोलल्या ते बरं झालं. आई म्हणते, चौकात मराठी ऐकू आली का सोडून देत जा, आपली माणसं असतात. आता घरी जाऊन तिले सांगते, आपल्याच माणसानं नोकरी खाल्ली असती."